पेटीत निघालेली जुनी नाणी: संग्रह करायचा तर सुरुवात कुठून करावी?

सुप्रिया_के

नमस्कार मंडळी. सासूबाईंच्या माहेरचं घर रिकामं करताना जुन्या लाकडी पेटीत एक कापडी थैली निघाली. आत नाणी. माझा लेक सहावीत आहे, त्याने ती जमिनीवर मांडली आणि आता रोज शाळेतून आला की तिथेच बसतो. घरात कुणालाच यातलं कळत नाही, म्हणून इथे विचारते.

जी थोडीफार ओळखता आली ती अशी. मधे भोक असलेले तांब्याचे पैसे, १९४३ आणि १९४४ सालचे. षटकोनी तीन पैसे बरेच. कमळाचे पितळी रंगाचे वीस पैसे. राणीचा मुखवटा असलेला एक चांदीचा रुपया, साल १८६२. एक जाडजूड, वेडंवाकडं तांब्याचं नाणं, त्यावर देवनागरीत 'श्री राजा' एवढं लागतं, पुढचं झिजलंय. एका नाण्यावर हनुमान आहे, मागे ईस्ट इंडिया कंपनी, हाफ आना, १८१८ असं इंग्रजीत. आणि दिरांनी आपल्याकडची भर म्हणून वैष्णोदेवीचा पाच रुपयांचा ठोकळा टाकलाय, त्याला म्हणे लाखांत भाव आहे.

चिंच-मीठ लावून चकचकीत करावीत का? आणि लेकाला हा छंद लावायचा तर काय विकत घ्यावं?

---

चवली_पावली

चिंच बाजूला ठेवा आधी! आमटीत घाला.

तांब्यावर वर्षानुवर्षं जो तपकिरी थर चढतो तोच त्याचं खालून संरक्षण करतो. आंबट पदार्थाने तो थर निघतो, नाणं गुलाबी-नारिंगी दिसायला लागतं आणि जाणकाराला ते दुरूनच समजतं. चांदीलाही तेच. पावडरीने घासली की बारीक चरे पडतात, ते भिंगाखाली सरळ दिसतात. घासलेल्या नाण्याची किंमत उतरते ती परत चढत नाही. माती चिकटली असेल तर डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, मऊ सुती कापडावर नुसतं टिपा. चोळायचं नाही. बाकी बोलतीलच जाणकार.

---

पेठेतला_बाजीराव

वैष्णोदेवीचा ठोकळा माझ्याकडेही आहे. पाच लाखांना देतो. घेणार कोण ते तेवढं सांगा ;-)

---

टांकसाळ_गल्ली

सुप्रियाताई, धागा काढलात हे छान झालं. थैलीत शिकण्यासारखं बरंच आहे. एकेक नाणं घेऊ या, म्हणजे छंद म्हणजे नेमकं काय करायचं तेही त्यातून कळेल.

भोकाचा पैसा दुसऱ्या महायुद्धातला. तांब्याची टंचाई होती, म्हणून मधला तुकडाच काढून टाकला. १९४३ ते १९४७ एवढाच काळ तो पाडला गेला. लाखोंनी पाडल्यामुळे आजही सहज मिळतो. लेकाला सांगा, यातली पाचही सालं जमव. पहिला संच म्हणून झकास.

षटकोनी तीन पैसे ॲल्युमिनियमचे, १९६४ पासून. याची गंमत कळायची तर थोडं मागे जावं लागतं. १९५७ च्या १ एप्रिलला आणे-पै जाऊन दशमान पद्धत आली. त्याआधी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै, म्हणजे रुपयात १९२ पै. नव्या पद्धतीत रुपयाचे १०० झाले. लोकांचा जुन्या पैशाशी घोटाळा होऊ नये म्हणून नाण्यावर 'नया पैसा' असं लिहिलं. १ जून १९६४ पासून 'नया' गळला. म्हणजे थैलीत १९५७ ते ६३ ची नाणी असतील तर त्यावर 'नये पैसे' दिसेल, आणि नंतरच्यांवर नुसतं 'पैसे'. लेकाला शोधायला लावा.

कमळाचे वीस पैसे १९६८ ते १९७१ चे. त्यात सोनं मिसळलंय अशी आवई आपल्याकडे जोरात होती, कित्येकांनी ती जपून ठेवली ती त्यामुळेच. सोनं नाही त्यात. याच मालिकेत १९६९ साली गांधी जन्मशताब्दीचे वीस पैसेही निघाले, त्यावर गांधीजींचा मुखवटा आणि १८६९-१९४८. तेही थैलीत आहेत का पाहा.

आता राणीचा रुपया. मुखवट्याभोवती 'व्हिक्टोरिया क्वीन' आहे की 'एम्प्रेस', ते आधी वाचा. १८६२ असेल तर क्वीनच असणार, कारण एम्प्रेस हे बिरुद नाण्यांवर १८७७ पासून आलं. एम्प्रेस आणि १८६२ एकत्र दिसलं तर नाणं खोटं, पुढे बघायलाच नको.

आणि मजा अशी की १८६२ म्हणजे १८६२ सालीच पाडलेला असं नाही! टांकसाळींनी हे साल साच्यावर तसंच ठेवलं आणि १८७४ पर्यंत रुपया १८६२ चाच निघत राहिला. खरं साल कुठलं याचा माग काढायचा तर मागच्या बाजूला सालाच्या खाली आणि वर नक्षीत बारीक ठिपके असतात ते मोजायचे. शिवाय मुखवट्याचे प्रकार दोन. निव्वळ या एका रुपयाच्या ठिपक्यांवर आयुष्य घालवलेले लोक आहेत.

शिवराई (ते 'श्री राजा'वालं, शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं) आणि हनुमानाबद्दल दुसऱ्या प्रतिसादात लिहितो, दोन्ही नाजूक विषय आहेत.

---

अनघा_दांडेकर

वाचनखूण साठवली. ठिपक्यांचं माहीत नव्हतं.

---

दख्खनी_फकीर

टांकसाळ_गल्ली काका लिहितीलच, तोवर शिवराईबद्दल माझे चार शब्द.

'श्री राजा' नंतर 'शिव' असणार. एका बाजूला तीन ओळींत श्री / राजा / शिव, दुसऱ्या बाजूला छत्र / पति, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. ठसा नाण्यापेक्षा मोठा असे, त्यामुळे एखादी ओळ कायम बाहेर पडलेली असते. तुमची 'शिव'ची ओळ झिजली नसेल, मुळात बसलीच नसेल.

आता जी गोष्ट विक्रेते सांगत नाहीत ती सांगतो. शिवराई शिवाजी महाराजांनी सुरू केली हे खरं, पण पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही त्याच मजकुराची नाणी पडत राहिली. इंग्रजी अंमल आल्यावरही दख्खनच्या बाजारात शिवराई चालत होती. म्हणजे 'राजा शिव' वाचून हे महाराजांच्याच काळातलं असं कुणी छातीठोक सांगितलं तर खुशाल पुढच्या दुकानात जा. अक्षराची वळणं, 'शिव' शीव लिहिलंय की सिव की सीव, वजन, ठिपक्यांची घडण, एवढं सगळं बघून अभ्यासक अंदाज बांधतात, तरी वाद होतातच. मजकुराच्या मधे दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, पेशवाईतली. पेशवाई म्हटल्यावर बरेच जण हिरमुसतात. मला कळत नाही का! पानिपताच्या आगेमागे कुणाच्या तरी कनवटीला असलेलं नाणं हातात आलंय, अजून काय पाहिजे?

सोन्याचा शिवकालीन होन मात्र विसरा. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी तो पाडला, आज अस्सल होन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाजारात जे 'होन' दिसतात ते सोनाराने घडवलेले.

---

टांकसाळ_गल्ली

फकीरबाबा, नेमकं लिहिलंत.

हनुमानाचा हाफ आना: हे नाणंच नाही. राम दरबार, हनुमान, कमळ, ॐ, असं काहीही एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला कंपनीचं नाव, साल १८१८ किंवा १७१७ किंवा १६१६. हे देवस्थानांपाशी विकले जाणारे बिल्ले. कंपनीने तांब्याच्या हाफ आण्यावर देवाची चित्रं कधी पाडली नाहीत. १८१८ साली मुंबई, मद्रास, बंगाल या तिन्ही इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती, सगळीकडे सारखी नाणी आली ती १८३५ पासून. मुंबई इलाख्याचा अस्सल पैसा बघायचा असेल तर त्यावर तराजू असतो आणि पारड्यांमधे फारसीत 'अदल', म्हणजे न्याय. किती देखणी कल्पना आहे! मद्रासकडच्या सोन्याच्या पगोड्यांवर देवतांच्या आकृती असत, पण ते चिमुकले सोन्याचे तुकडे, त्यांचा या बिल्ल्याशी काही संबंध नाही.

बिल्ला फेकू नका मात्र. लेकाकडे राहू दे, खोटं कसं ओळखायचं हे त्याला त्यावरून शिकता येईल.

एक सावधगिरीची सूचना. याच बिल्ल्यांच्या नावावर 'तांदूळ ओढणारं नाणं' हा फसवणुकीचा धंदा चालतो. नाण्याजवळ तांदळाचे दाणे सरकतात, त्यात दैवी की अणुशक्ती असते, परदेशातली अवकाशसंस्था कोट्यवधी देते, फक्त तपासणीची फी तुम्ही भरा. दाण्यांना लोखंडाचा अंश लावलेला असतो आणि खाली चुंबक. वर्तमानपत्रात अशा टोळ्या पकडल्याच्या बातम्या सतत येत असतात, तरी माणसं फसतात आणि चांगली शिकलेली माणसं फसतात.

---

सुप्रिया_के

बाप रे. हनुमानाचं ऐकून सासरे जरा नाराज झालेत :-) ते नाणं देवघरात ठेवायचं ठरलं होतं. आता 'बिल्ला तर बिल्ला' म्हणून तिथेच आहे.

दिरांचं काय सांगू? ते ऐकायला तयार नाहीत. त्यांना मोबाईलवर एक जाहिरात आली आहे, रिझर्व्ह बँकेचं चिन्ह आहे तिच्यावर. फोटो पाठवा, नोंदणी शुल्क भरा, दहा लाख मिळवा.

---

कारकून_निवृत्त

सुप्रियाताई, दिरांना हा प्रतिसाद वाचून दाखवा. मी बँकेत नोकरी केली आहे.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये या विषयावर जाहीर निवेदन काढलं होतं. बँक जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत पडत नाही, त्यासाठी कसलं शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि कुणालाही तसा अधिकार दिलेला नाही. शुल्क मागितलं की तिथेच थांबायचं.

वैष्णोदेवीचं नाणं श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवाचं, साल २०१२. चलनातलं आहे. पाच रुपयांचा ठोकळा पाच रुपयांनाच. फार चकचकीत, न वापरलेला असेल तर हौशी माणूस थोडे वर देईल, इतकंच.

जाताजाता दुसरंही सांगतो. दहा रुपयांची नाणी खोटी आहेत म्हणून आपल्याकडे दुकानदार घेत नसत, आठवत असेल. रुपयाचं चिन्ह असलेलं खरं की नसलेलं, दहा पट्ट्यांचं खरं की पंधरा, यावर रिक्षावाल्यांशी भांडणं व्हायची. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने खुलासा केला की तोवर १४ वेगवेगळ्या रचनांची दहाची नाणी निघाली आहेत आणि सगळी चालतात. नव्याने छंद धरणाऱ्या पोरासाठी ही चौदा नाणी म्हणजे आयती यादी! खर्च एकशेचाळीस रुपये आणि नको झाली तर वडापाव खाता येतो.

---

पेठेतला_बाजीराव

चौदा वडापाव सोडून चौदा नाणी जमवणाऱ्या पोराला माझा दंडवत.

---

टांकसाळ_गल्ली

हसण्यावारी नेऊ नका, कारकूनकाकांनी मुद्द्याचं सांगितलंय. बहुतेक लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी 'दुर्मिळ' काहीतरी विकत घेतात, त्यात फसतात आणि छंद सोडतात. नाणं वाचायला शिकायचं तर खिशातल्या चिल्लरइतकं चांगलं साधन नाही.

आजच रात्री लेकाला एक काम द्या. घरातली सगळी चिल्लर काढून सालाच्या खालची जागा भिंगातून बघायची. छोटा चौकट-हिरा असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं. पाच टोकांचा तारा असेल तर हैदराबाद. गोल ठिपका असेल तर नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता. कोलकाता सगळ्यात जुनी म्हणून चिन्ह लावत नाही, असं म्हणतात. आपली मुंबईची टांकसाळ फोर्टात, रिझर्व्ह बँकेसमोर, १८२९ पासूनची इमारत आहे, पण आत जाता येत नाही.

या चिन्हांत एक खोच आहे. नोएडाची टांकसाळ १९८८ ची. पंचम जॉर्जच्या रुपयावर ठिपका दिसला तर तो मुंबईचा. म्हणजे ठिपका तोच, पण काळ बदलला की गाव बदललं. व्हिक्टोरियाच्या एम्प्रेस रुपयांवर मुंबईसाठी बारीक 'बी' असतो, कधी उठावाचा, कधी खोदलेला.

आणखी पुढे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत सरकारला चिल्लर पुरेना, म्हणून परदेशातूनही नाणी पाडून आणली. १९८५ च्या रुपयावर सालाखाली 'एच' सापडला तर तो बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीत पडलाय. गेंड्याच्या पंचवीस पैशांवर 'सी' असेल तर ते कॅनडातल्या ओटावाचे. मॉस्को, स्लोव्हाकिया, मेक्सिको, दक्षिण कोरिया, सगळीकडची भारतीय नाणी आपल्या बरण्यांत पडलेली असतात. मुलांना हे सांगितलं की डोळे असे काही मोठे होतात!

---

पणजीकर

महाराष्ट्रातली मंडळी गोव्याला विसरतात म्हणून लिहितो.

मर्यादित, पुरा होऊ शकणारा विषय हवा असेल तर गोव्याची शेवटची पोर्तुगीज नाणी घ्या. आमच्याकडे १९५८ पर्यंत रुपिया होता, त्याचे १६ तांगा. त्या साली पोर्तुगालचं इश्कुद चलन लागू झालं. सहा इश्कुद म्हणजे एक रुपिया. नाणी निघाली १०, ३० आणि ६० सेंतावची (शंभर सेंतावचा एक इश्कुद) आणि १, ३ आणि ६ इश्कुदची. बघा, ३ आणि ६! जगात असले आकडे नाण्यांवर सहसा दिसत नाहीत, पण बाजारात माणसं अजून रुपियातच हिशेब करत होती. ६ इश्कुद दिले की रुपिया, ३ दिले की आठ आणे. लोकांच्या डोक्यातला जुना हिशेब सरकारला मोडता आला नाही.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि तीही संपली. एकूण सहाच प्रकार. घरोघरी सापडतात, तिसवाडीत तर आज्यांच्या कपाटांत हमखास.

---

दख्खनी_फकीर

पणजीकर, भारीच. हे असं काही वाचलं की नाण्याला नुसतं 'जुनं' म्हणवत नाही.

अवांतर, पण राहवत नाही. आमच्या नाशिकजवळ जोगलटेंभी नावाचं गाव आहे. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. सगळी क्षत्रप नहपान या शक राजाची. पण त्यातल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपानाचा चेहरा आहे आणि त्याच चेहऱ्यावर सातवाहनांची चिन्हं ठोकलेली. शत्रूला हरवलं, त्याचा खजिना हाती आला, वितळवण्याची तसदी कोण घेतो! नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखात या विजयाचं वर्णन आहे, पण पुरावा हातात घेऊन बघायचा तर तो या नाण्यांत.

त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८० पासून. तिथलं संग्रहालय सुट्टीत लेकाला दाखवा. मुंबईत आलात तर फोर्टात रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं नाण्यांचं दालन.

---

स्नेहल_जर्सी

इथे पहिल्यांदाच लिहितेय, बरीच वर्षं वाचक आहे. माझ्या आजोबांचेही राणीछाप रुपये पुण्यात बहिणीकडे आहेत. पुढच्या महिन्यात भारतात येतेय, येताना चार बरोबर आणावेत असा विचार आहे. सामानात चालतात ना?

---

कारकून_निवृत्त

नाही चालत, स्नेहलताई! १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तूंत मोडतात आणि सरकारी परवान्याशिवाय ती देशाबाहेर नेता येत नाहीत. आजोबांची असली तरी. राणीचे रुपये सगळेच शंभरीपार. विमानतळावर जप्त होतील आणि वर चौकशी. बहिणीकडेच राहू द्यात.

याच्या जोडीने दुसरा कायदाही सांगून ठेवतो, कारण गावाकडे घर पाडताना किंवा शेत नांगरताना हंडा निघतो. जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १८७८ चा कायदा आहे, म्हणून दहा रुपये. सुप्रियाताई, तुमची थैली घरातल्या पेटीत होती, वारसाने आलेली. तिचा याच्याशी संबंध नाही, घाबरू नका.

---

स्नेहल_जर्सी

अरे देवा. बरं झालं विचारलं. मग इथे बसून काय जमवू?

---

चवली_पावली

तिकडचंच जमवा की! अमेरिकेत १९९९ ते २००८ मधे पन्नास राज्यांचे पन्नास क्वार्टर निघाले, दरवर्षी पाच. ते चिल्लरीत अजून सापडतात. कॉफीच्या सुट्ट्या पैशांवर संग्रह होतो.

---

वजनकाटा

नेहमीप्रमाणे उशिरा आलो. चांदीचा रुपया खरा आहे का, हे कुणीच सांगितलं नाही, ते मी सांगतो. सोनाराकडे जाऊ नका, तो कानस मारतो.

पहिली परीक्षा वजनाची. रुपयाचं वजन एक तोळा होतं, ११.६६ ग्रॅम. झिजून ११.४, ११.५ भरला तर ठीक. दहा भरला तर शंका घ्या. ऑनलाइन मिळणारा शंभरांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, या छंदातली सर्वांत कामाची खरेदी तीच.

दुसरी चुंबकाची. चांदी चिकटत नाही. पण इथे घाई नको, कारण १९४७ चे आणि पुढे १९५० चे रुपये शुद्ध निकेलचे आहेत, ते अस्सल असूनही चुंबकाला टच्चकन चिकटतात. आताची स्टीलची नाणीही चिकटतात. तांबं-निकेल मिश्रधातूची चिकटत नाहीत.

तिसरी परीक्षा मला सगळ्यात आवडते. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवा, काटा शून्यावर आणा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काचेला टेकणार नाही असं धरा. काटा जो आकडा दाखवेल तेवढे घन सेंटिमीटर नाण्याचं आकारमान. राणीच्या रुपयात चांदी ९१.७ टक्के, बाकी तांबं, म्हणून घनता येते १०.३ च्या आसपास. म्हणजे ११.६६ च्या रुपयाला काटा १.१३ दाखवेल. तांबं-निकेलचा नकली असेल तर १.३ च्या घरात जाईल. नाण्याला ओरखडा नाही आणि आर्किमिडीज घरबसल्या.

---

अनघा_दांडेकर

सहावीच्या विज्ञानाचा प्रकल्प तयार!

ठेवायचं कशात ते कुणी सांगाल का? माझी नाणी अल्बममधे आहेत आणि पावसाळ्यात त्यांच्यावर हिरवट चिकट काहीतरी येतं. मी रत्नागिरीत असते.

---

चवली_पावली

अनघा, अल्बम आजच्या आज बदल. मऊ, लवचिक, नव्या रेनकोटसारख्या वासाचं प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी. ते कालांतराने विघटित होतं आणि तांब्याशी प्रक्रिया होऊन हा हिरवा चिकटा येतो. कोकणातल्या दमट हवेत तर लवकर येतो. ज्यांच्यावर आलाय ती नाणी बाकीच्यांपासून वेगळी काढ.

साधा, स्वस्त उपाय म्हणजे पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर, मधे पातळ मायलर (पारदर्शक प्लास्टिकची फिल्म). नाणं मधे ठेवून घडी करायची आणि स्टेपल मारायचा. स्टेपल पकडीने चपटा करून घे, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडतो. पुठ्ठ्यावर पेन्सिलीने साल, टांकसाळ, कुठून आलं ते लिहायचं. सगळं हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि जूनच्या आधी पुड्या बदलायच्या. नाणं कायम कडेला धरून उचलायचं, तोंडावर बोट टेकवायचं नाही.

---

पेठेतला_बाजीराव

आता गंभीर प्रश्न. सरकारी टांकसाळी जे चकचकीत स्मारक नाण्यांचे डबे विकतात, शंभर रुपयांचं, हजार रुपयांचं नाणं, ते घ्यावेत का? तंजावरच्या मंदिराला हजार वर्षं झाली म्हणून हजाराचं नाणं निघालं होतं, ते मित्राकडे आहे, फार मिरवतो.

---

टांकसाळ_गल्ली

माझं मत कडवट आहे, आधीच सांगतो. देखणे असतात, सरकारी असल्यामुळे अस्सलपणाची काळजी नाही, भेट द्यायला उत्तम. पण ती नाणी कुणाच्या खिशात कधी गेलीच नाहीत. डब्यातून निघतात आणि डब्यातच राहतात. घेताना दर्शनी किमतीपेक्षा बरेच जास्त द्यावे लागतात, आणि सगळेच जपून ठेवतात म्हणून पुढे विकताना तितके मिळतीलच असं नाही. चलनात आलेली स्मारक नाणी मला जास्त प्रिय. पहिलं १९६४ चं, नेहरूंचं. नंतर १९९० चा बाबासाहेबांचा रुपया, १९९९ ची शिवाजी महाराजांची दोन रुपयांची आणि ज्ञानेश्वरांची एक रुपयाची. ही लोकांनी भाजीवाल्याला दिली, बसमधे कंडक्टरने परत केली.

---

वजनकाटा

काका, असहमत. स्वच्छ, न वापरलेल्या नाण्यावर कोरीवकाम कसं असतं हे मुलाने एकदा तरी बघायला हवं. नाहीतर झीज म्हणजे काय हे कळणार कसं? एक छोटा संच घेऊन ठेवायला काहीच हरकत नाही.

---

टांकसाळ_गल्ली

एक. एकच. एवढं मान्य.

---

सुप्रिया_के

सगळ्यांचे मनापासून आभार. ताजी खबर: भावाचा वजनकाटा उसना आणला. रुपया ११.४९ भरला. पाण्यात १.११. लेकाने भागाकार तीनदा केला, १०.३५ येतो. चुंबक लावलं, ढिम्म. 'व्हिक्टोरिया क्वीन' लागतं.

ठिपके दिसतात असं त्याचं म्हणणं, मला दिसत नाहीत. खाली दोन की तीन यावर वाद आहे. आणि थैलीत गांधीजींचे वीस पैसे निघाले, दोन. एकावर हिरा आहे, दुसऱ्यावर काहीच नाही.

दीर अजून जाहिरातीवाल्याला फोन करतायत.

---

टांकसाळ_गल्ली

१०.३५ म्हणजे चांदी बरोबर. गांधीजींचं एक मुंबईचं, एक कोलकात्याचं, हैदराबादचं शोधा आता.

ठिपक्यांसाठी फोटो टाका. वरून फ्लॅश मारू नका, चांदीवर सगळं पांढरं होतं. दिवा एका बाजूने, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर ठेवा, उठावाची सावली पडते. सालाचा भाग वेगळा आणि वरची नक्षी वेगळी, असे दोन फोटो. मुखवट्याचाही एक टाका, पोशाखाच्या पुढच्या पट्टीवरची नक्षी दिसली पाहिजे, प्रकार त्यावरून ठरतो.